एका शाळकरी मुलीने लिहिलेला इतिहास

शाळेतील मुलास प्रथमच निबंध लिहावयास सांगितला म्हणजे तो बहुधा गायीपासून आरंभ करतो. तिचे पाय, तिची शिंगे, तिचे दूध, तिचे वासरू इतके लिहून झाले की तो घराकडे वळतो: वडील काय करतात, आई काय करते, अंगणात मांजर आहे की कुत्रे. आणि गावाविषयी लिही असे म्हटले तर आजीच्या तोंडून ऐकलेली हकीकत तो जशीच्या तशी कागदावर उतरवितो. आपल्या गोमंतकातील कितीतरी मुलांनी आपल्या कुलदेवतेचे स्थलांतर असेच आजीपाशी ऐकलेले असते. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास कसा आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास कशी आली, रात्रीच्या अंधारात देवाची पालखी नदीपार कशी झाली, हे त्या मुलाने पाहिलेले नसते; त्याच्या आजीनेही पाहिलेले नसते. सोळाव्या शतकातील ती गोष्ट. तरीही ती आपण खरी मानतो, कारण ती आपल्या माणसांनी, आपल्या माणसांविषयी, पिढ्यान्‌पिढ्या जतन करून ठेविलेली आहे.

अशा बाललेखनास इतिहासात काही स्थान आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते आहे. आणि त्याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इ. स. १८५५ मध्ये पुण्यातील एका शाळकरी मुलीने लिहिलेला एक निबंध होय. त्यातही घर आहे, माणसे आहेत, जनावरे आहेत आणि गावाचा इतिहास आहे. मात्र तो वाचताना आपणांस हसू येत नाही.

त्या मुलीचे नाव मुक्ता साळवे. ती मातंग समाजातील होती. निबंध लिहिला त्या वेळी तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते. निबंधाचा मथळा 'मांग महारांच्या दुःखाविषयीं' असा असून तो 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ ह्या दोन अंकांतून प्रसिद्ध झाला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेले पत्र. आपल्या धर्मावर टीका करणारे पत्र म्हणून जुन्या पिढीत त्याविषयी फारशी आस्था नव्हती, हे खरे. परंतु ह्या मुलीचे शब्द त्या पत्राने छापले नसते तर ते आज आपल्या हाती आलेच नसते, हेही तितकेच खरे.

हा निबंध लिहिला जाण्यापूर्वी पुण्यात काय घडले होते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. पेशवाई १८१८ साली संपली. १८२१ साली इंग्रज सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेला. आणि तेथील विद्येचा लाभ आरंभी ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच होता. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८४८ मध्ये, जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई त्या वेळी अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. पुढे १८५२ मध्ये वेताळ पेठेत अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठी शाळा निघाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. ज्या वाड्यात बाजीराव राहिला त्याच वाड्यात, त्याच्या पदच्युतीनंतर चौतीस वर्षांनी, मांग-महारांच्या मुलांस लिहावयास शिकविणाऱ्या माळी गृहस्थास शालजोडी मिळाली. मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेची विद्यार्थिनी.

आता निबंधाकडे वळू. सामान्य शाळकरी निबंधात गाय ही उपकारकर्ती म्हणून येते. मुक्तेच्या निबंधात ती माप म्हणून येते. ब्राह्मणांनी आमच्या लोकांस गाई-म्हशींहूनही नीच मानिले, असे ती लिहिते. पुढे ती गाढवाचे उदाहरण घेते. लंगड्या गाढवास कोणी मारले तर निदान त्याचा धनी येऊन जाब विचारतो. बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांस मारले तर जाब विचारणारा कोण होता, असा तिचा प्रश्न आहे. ज्यांच्या पराक्रमाचा डौल घरातील उंदीर मारण्यापलीकडे जात नव्हता, त्यांनी गरोदर स्त्रियांनाही छळावे, असेही ती एके ठिकाणी फटकारून म्हणते. गाय, म्हैस, गाढव, उंदीर: चारही जनावरे मुलांच्या नित्य परिचयाची. परंतु आपल्या समाजाची पायरी कोणती हे मोजण्यासाठी ह्या मुलीला त्याहून जवळचे परिमाण सापडले नाही.

ह्या दाखल्याचे मर्म कळण्यासाठी त्या काळची गावगाड्याची रचना आठवावी. मातंग हे गावच्या बलुतेदारांपैकी. अंबाडीचा वाख आणि घायपात यांपासून दोर वळणे, केरसुण्या बांधणे, सणासमारंभी वाजविणे ही त्यांची कामे. मोटेचा नाडा आणि सोंदूर, बैलाचा कासरा, गाईचे दावे हे सारे त्यांच्या हातचे. पोळ्याच्या दिवशी ज्या बैलाची पूजा होई त्याची वेसण वळणारा हात त्या पूजेपासून दूर उभा असे. गाईचे दावे गोठ्यात जाई. ते वळणारा मात्र गोठ्याच्या दाराशीही येऊ शकत नसे. चौदा वर्षांच्या मुलीने गाईशी आपली तुलना केली ती काही अलंकार म्हणून नव्हे. तिच्या घरी तयार होणारी वस्तू जेथपर्यंत पोचे, तेथपर्यंत तिच्या घरचे माणूस पोचत नसे.

निबंधातील दुसरा भाग घराचा. येथे तिची लेखणी सर्वाधिक विश्वासार्ह होते, कारण हे तिने डोळ्यांनी पाहिलेले आहे. आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते. पावसात आणि थंडीत त्यांचे काय हाल होत असतील ते आपल्या अनुभवावरून ताडून पाहा, असे ती पंडितांस सांगते. बाळंतपणात दुखणे आले तर वैद्यास आणि औषधास पैसे कोठून आणावे? ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून डोके फोडले तरी मांग-महारांची मुले गाऱ्हाणे करीत नाहीत. कारण उद्या उरलेसुरले अन्न मागावयास त्याच दारी जावयाचे आहे, हे त्या मुलांस ठाऊक असते. हे शेवटचे वाक्य प्रौढ माणसास सहसा सुचणार नाही. मुले आपसात का भांडतात आणि का गप्प बसतात, हे मुलांनाच कळते. राज्यकारभाराच्या दप्तरात, बखरीत किंवा प्रवासवर्णनात ही नोंद कोठेही सापडावयाची नाही.

तिसरा भाग गावाच्या इतिहासाचा. आणि येथेच इतिहासाच्या अभ्यासकाने सावधपणे पाऊल टाकले पाहिजे. मुक्ता लिहिते की बाजीरावाच्या काळी तालीमखान्यापुढून एखादा मांग किंवा महार गेला तर त्याचे मस्तक तोडून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू करून चेंडूसारखे खेळत असत. ती लिहिते की वाड्यांच्या पायांत आमच्या लोकांस तेल-शेंदूर पाजून पुरीत. ती लिहिते की एखादा मांग-महार वाचावयास शिकला असे बाजीरावाच्या कानी गेले तर तो त्यास शिक्षा करी. आणि अखेरीस बाजीराव काशीस जाऊन मेला, असेही ती लिहिते.

ह्यांपैकी शेवटचे विधान आपणांस तपासता येते, आणि ते चुकीचे आहे. दुसरा बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे राहिला आणि तेथेच २८ जानेवारी १८५१ रोजी वारला. काशी आणि ब्रह्मावर्त ही दोन्ही गंगाकाठची क्षेत्रे. पुण्याच्या सामान्य माणसांच्या बोलण्यात 'उत्तरेकडे गंगेवर गेला' याचे 'काशीस गेला' होणे स्वाभाविक होय. ह्या एका चुकीवरून निबंधाच्या स्वरूपाविषयी मोठा बोध होतो. मुक्तेचा जन्म पेशवाई बुडाल्यावर वीसहून अधिक वर्षांनी झाला. तिने बाजीराव पाहिला नाही, तालीमखान्याचा तो दरारा पाहिला नाही. हा इतिहास तिने ग्रंथांतून घेतला नाही. तो तिला घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळाला. म्हणून गुलटेकडीच्या मैदानावर अमुक दिवशी अमुक घडले, याचा पुरावा म्हणून हा निबंध दाखल करणे योग्य नव्हे.

परंतु एवढ्यावर त्याचा निकाल लावून मोकळे होणेही तितकेच अयोग्य ठरेल. पायात माणूस पुरण्याची गोष्ट एकट्या मुक्तेची नाही. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाच्या पायात एक तरुण जोडपे जिवंत पुरल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. तशा कथा शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, एखाद्या समाजाच्या घराघरांतून आपल्या मुलांस त्या सांगितल्या जातात ही गोष्ट स्वयंसिद्ध इतिहास आहे. आजी नातीला जे सांगते त्यावरून त्या आजीच्या आयुष्यात भीती कोणत्या दिशेने येत होती ते समजते. वाड्याचा पाया खणला जात असलेला पाहून एकास वैभवाची आठवण होते आणि दुसऱ्यास आपल्या मुलास घरात ओढून घ्यावेसे वाटते. ह्या दोन्ही आठवणी एकाच पुण्याच्या आहेत. देवाची पालखी रात्री नदीपार नेल्याची आपल्या आजीची हकीकत आपण ज्या आदराने ऐकतो, त्याच आदराने ही दुसऱ्या आजीची हकीकत ऐकणे हे न्यायाचे नव्हे काय? आपली हकीकत ऐकताना आपण कागदपत्रे मागत नाही.

निबंधाचा चौथा विशेष म्हणजे त्यातील धर्माचा प्रश्न. देवस्थानाशी नाते सांगणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी तो टाळू नये. वेद हे ब्राह्मणांचेच, ते इतरांनी पाहू नयेत, असे जर असेल तर आमचा धर्म कोणता, तो आम्हांस कळव, असे ती ईश्वरासच विचारते. जो धर्म एकानेच अनुभवावा आणि इतरांनी त्याच्याकडे नुसते पाहत राहावे तो पृथ्वीवरून नाहीसा होवो, अशा आशयाचे तिचे उद्गार आहेत. हे वाचून कोणाच्या मनास धक्का बसेल. परंतु नीट पाहिले तर ही मुलगी देवाकडे पाठ फिरवीत नाही. ती त्यालाच हाक मारते आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, देवळाबाहेर आहे. त्या पायरीवरून आत पाहणाऱ्या डोळ्यांची परंपरा मुक्तेच्या पाचशे वर्षे आधीची होती. फरक एवढाच की संतांनी विठ्ठलाजवळ कळवळून मागितले, आणि ह्या मुलीने देवाला कळवळून हाक मारीत असतानाच पंडितांना उत्तर मागितले.

तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष आणखी दोन स्थळी मिळते. महार समाजही आपणांस मांगांहून उच्च समजतो, मांगाच्या सावलीचाही विटाळ मानतो, हे ती लपवीत नाही. दुःख सांगताना आपल्याच बाजूच्या माणसांचा दोष दाखविणे हे प्रौढ लेखकांसही जड जाते. आणि विद्या हेच ह्या दुखण्यावरील औषध, असे आपल्या लोकांस आग्रहाने सांगितल्यावर ती लगेच कबुली देते की, उत्तम विद्या मिळालेले लोकही वाईट कर्मे करताना दिसतात. आपल्याच युक्तिवादातील उणीव तिने आपणहून वाचकापुढे ठेविली.

इंग्रज सरकारची तिने पुष्कळ स्तुती केली आहे. छळ थांबला, अंगावर चांगले वस्त्र घालता येऊ लागले, बाजारात जाता येऊ लागले, ह्याबद्दल ती ईश्वराचे आभार मानते. तिच्या दृष्टीने ते खरेच होते. पण इतिहासाने ह्या स्तुतीस एक वर्षाच्या आतबाहेरच खोच दिली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी देण्यास तयार असूनही तेथील सरकारी शाळेत आपणांस प्रवेश नाकारला, अशी त्याची तक्रार होती. सरकारने अन्याय मान्य केला; परंतु एका मुलासाठी इतरांचा रोष पत्करून शाळा मोडण्याची वेळ येऊ देणे बरे नव्हे, असे म्हणून त्या मुलाच्या बाजूने हस्तक्षेप करण्याचे नाकारले. पुढे विलायतेतून सरकारी शाळा सर्वांस खुल्या आहेत असे तत्त्व सांगितले गेले, तरी तत्त्व आणि बाक यांमधील अंतर कित्येक दशके कायम राहिले. बेळगाव-धारवाडच्या आपल्या वाचकांनी हे विशेषेकरून लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्यातल्या मुलीचा निबंध आणि धारवाडच्या मुलाचा अर्ज ही एकाच पाटीच्या दोन बाजूंवरची अक्षरे होत.

यानंतरचा मार्ग लांबचा आहे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात अंत्यजांसाठी शाळा निघाल्या. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांस एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडले. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि तिचे आचरण दंडनीय ठरविणारा कायदा १९५५ मध्ये झाला. मुक्तेच्या निबंधास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली होती. गोमंतकास ह्या घटनेचे छत्र १९६१ च्या मुक्तीनंतर लाभले.

मुक्तेचा निबंध मात्र दीर्घकाळ जुन्या अंकांत पडून राहिला. १९९१ साली भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा एक मोठा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला, त्यात त्याचे भाषांतर आल्यावर देशोदेशीच्या अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. आज महाराष्ट्रात तिचे नाव आदराने घेतले जाते. तिचे लेखन म्हणून आपल्यापाशी ही एवढीच पाने आहेत. परंतु पेशवाईच्या अखेरच्या पुण्याचा विचार करताना ती पाने बाजूला सारून पुढे जाणे आता कोणत्याही प्रामाणिक अभ्यासकास शक्य नाही.

आपल्या देवस्थानांच्या स्मरणिका आपण वाचतो, त्यांचा अभिमानही बाळगतो. त्यांत मूर्ती कोठून आली, सभामंडप कोणी बांधला, दीपमाळ कोणी उभारली, महाजन कोण, कुळे किती, याची काळजीपूर्वक नोंद असते. रथाचे दोर कोणी वळले, जत्रेच्या आधी रस्ता कोणी झाडला, उत्सवात वाद्य कोठे उभे राहून कोणी वाजविले, याची नोंद क्वचितच असते. ती असावी, असे ह्या निबंधावरून सुचविणे मला आवश्यक वाटते. त्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आपल्या शाळेतील मुलांस गावाचा इतिहास लिहावयास सांगावे. आणि तो लिहिताना केवळ आपल्या आजीस न विचारता, ज्या वाड्यावर आपण सहसा जात नाही तेथील आजीसही विचारून यावे, असे सांगावे.

आणखी एक गोष्ट. मुक्ता साळवे आपल्या घराविषयी लिहीत असता, तिच्या घरासमोरून जाणाऱ्या-येणाऱ्यांविषयीही लिहीत होती. पुण्याच्या थोर घराण्यांतील मंडळींस ते त्या वेळी ठाऊकही नव्हते. आज प्रत्येक घरातील मूल शाळेत जाते आणि प्रत्येकाच्या हाती वही आहे. त्या वह्यांतून गाय, मांजर, आई, आजी यांच्याबरोबर शेजारीपाजारीही येतील. त्यांत आपणही येऊ. आपली नोंद त्यांत कशी व्हावी, हे आपल्या वागण्यावर अवलंबून आहे.